जुन्या ध्वनिफितींचे पुनर्वादन

रिळावर गुंडाळलेली तपकिरी फीत वरून एकसंध दिसत असली, तरी तिच्यात निदान तीन घटक असतात: प्लॅस्टिकचा आधारपट, लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण आणि त्या कणांना पटाशी जखडून ठेवणारे बंधक द्रव्य. ध्वनी साठवितात ते कण. ते सहसा टिकून राहतात. बिघडतात ते त्यांचे सोबती. म्हणून फीत यंत्रावर चढविण्यापूर्वी तिचा पट कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे लागते.

रीळ दिव्यासमोर धरून गुंडाळीच्या कडेतून पाहावे. उजेड पाझरत असेल तर पट ॲसिटेटचा. आतला भाग काळोखा दिसला तर बहुधा पॉलिएस्टरचा. डब्यावरील मजकुरावर विसंबू नये, कारण डब्यांची अदलाबदल सर्रास होत असे.

जीर्ण ॲसिटेटला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. फीत आकसते, वाकते, ठिसूळ होते; शिवाय तिच्यातून सुटणारे आम्लच पुढील विघटनाला वेग देते. अशी रिळे इतरांपासून दूर, थंड व कोरड्या जागी ठेवतात. या पटात एक गुण मात्र आहे. तो फारसा न ताणता कडकन तुटतो, त्यामुळे टोके नीट जुळवून चिकटविल्यास ध्वनी क्वचितच हरवतो. पॉलिएस्टर लांबतो, आणि लांबलेला स्वर पूर्ववत होत नाही.

१९७० च्या दशकापासून तयार झालेल्या काही पॉलिएस्टर फितींना निराळीच व्याधी जडली. त्यांतील पॉलियुरेथेनचे बंधक हवेतील बाष्प शोषून विघटित होते व चिकट बनते. मुंबई-कोलकात्यासारख्या दमट शहरांत हा धोका अधिक. अशी फीत चालविताच किंचाळते आणि यंत्राच्या हेडवर तपकिरी राप बसतो. तेथेच थांबावे, तो राप म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणच होय. पाव इंच रुंदीची फीत नियंत्रित उष्णतेत, सुमारे ५४ अंश सेल्सियसवर, साधारण ८ तास ठेवतात व मग सावकाश निवू देतात. घरगुती भट्टीचे तापमान भरवशाचे नसते. या उपायाने फीत बरी होत नाही, केवळ काही आठवडे वाजविण्याजोगी होते. ॲसिटेटच्या फितीला मात्र ही उष्णता कदापि देऊ नये.

पुढचे काम कानाचे. मूळ यंत्राचे हेड किंचित तिरके असेल, तर वाजविणाऱ्या यंत्राचे हेडही तितकेच तिरके करावे लागते. एरवी ‘स’ आणि ‘श’ बोथट ऐकू येतात. सेकंदाला साडेसात इंच या गतीने १२०० फुटांची फीत ३२ मिनिटे चालते, आणि तिची अंकीय प्रत घ्यायलाही तेवढाच वेळ बसून ऐकावे लागते. ही पहिली प्रत खरखरीसकट जशीच्या तशी जतन करतात. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.