बाळंतपणातील अतिरक्तस्राव आणि पुढच्या बाळंतपणाची काळजी



बाळंतपण पार पडले, बाळ रडले, घरात आनंद झाला. पण आईच्या अंगातले रक्त इतके गेले की धावपळ करून रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, असे प्रसंग आपल्या धर्मग्रामांतील काही घरांनी पाहिले आहेत. देवकृपेने आई वाचते. वर्ष-दोन वर्षे जातात आणि मग प्रश्न उभा राहतो : आता दुसरे मूल होऊ द्यावे की नाही? सासूबाई म्हणतात, "देवावर भरवसा ठेवा." माहेरची माणसे म्हणतात, "पुन्हा तो धोका नको." नवरा गप्प असतो. आणि जिच्यावर बेतले होते ती कोणाजवळच काही बोलत नाही. या महिन्याचा पाठ अशा घरासाठी आहे. पुरुषांनीही तो वाचावा. कारण यातली निम्मी कामे पुरुषांची आहेत.

१. रक्त का जाते?

गर्भारपणाच्या शेवटच्या दिवसांत गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते. बाळ जन्मल्यावर वार सुटते आणि जिथे ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद कोण करते? गर्भाशयाचे स्नायूच. हे स्नायू आडवे-उभे विणलेले असतात. ते आवळले गेले की मधल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. पाटाचे दार मोडले की पाणी शेतभर पसरते, ते बंद केले की थांबते, तसेच हे आहे.

अतिरक्तस्रावाची मुख्य कारणे चार :

(अ) गर्भाशय ढिले राहणे. शंभरांतील सुमारे सत्तर प्रसंगी हेच कारण असते. जुळी मुले, फार लांबलेल्या कळा, फार मोठे बाळ यांमुळे स्नायू थकतात.

(आ) वार किंवा वारेचा तुकडा आत राहणे. गाईची जार पडायला बारा तास लागले तरी आपण वाट पाहतो. बाईच्या बाबतीत तो हिशोब लावू नये. अर्ध्या तासात वार पडली नाही तर तो धोका समजावा.

(इ) योनिमार्गाला किंवा गर्भाशयाच्या तोंडाला जखम होणे.

(ई) रक्त गोठण्याच्या क्रियेत दोष असणे. हे कारण कमी आढळते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. यातले एकही कारण त्या बाईच्या वागण्याने, नवसाच्या चुकीने किंवा कोणाच्या दृष्टीने घडत नाही. "तिने अमुक खाल्ले म्हणून झाले" असे बोलून तिच्या मनावर ओझे टाकू नये.

२. किती रक्त गेले म्हणजे फार?

बाळंतपणात थोडे रक्त जाणारच. प्रसूतीनंतर अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक गेले तर तो अतिरक्तस्राव, आणि एक लिटर गेले तर तो गंभीर मानतात. अर्धा लिटर म्हणजे पाणी पिण्याचे साधारण अडीच पेले. निरोगी बाई एवढे सोसू शकते; पण जिच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे, ती त्याहून कमी रक्त गेले तरी कोसळते. भरल्या विहिरीतून दहा घागरी काढणे वेगळे आणि तळ दिसणाऱ्या विहिरीतून काढणे वेगळे.

आपल्याकडे याच गोष्टीची मोठी अडचण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभर गरोदर स्त्रियांपैकी बावन्न जणींना रक्तक्षय आढळला.

३. आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालेली गोष्ट

वाचकांना अभिमान वाटावा अशी एक हकिगत आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी परदेशी संशोधकांच्या सहकार्याने आपल्या जिल्ह्यातील खेड्यांत एक प्रयोग केला. मोठ्या इस्पितळात नव्हे, तर घरी आणि उपकेंद्रात, आपल्या नर्सबाईंच्या हातून. एकूण १६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना बाळ जन्मल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. गोळी न मिळालेल्यांत शंभरांतील बारा जणींना अतिरक्तस्राव झाला; गोळी मिळालेल्यांत सुमारे सहा जणींना. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

याच प्रयोगात रक्त डोळ्यांनी न अजमावता, खाली नरसाळ्यासारखी मापाची प्लास्टिकची पिशवी लावून मोजले गेले. कारण डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी येतो. अशी पिशवी लावून आणि ताबडतोब ठरलेले उपचार एकत्र करून आफ्रिकेतील चार देशांत जो अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २०२३ साली आला. गंभीर प्रसंगांचे प्रमाण साठ टक्क्यांनी घटले. तसेच २०१७ साली असे सिद्ध झाले की ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्त थांबवणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात.

इस्पितळात बाळ जन्मताच बहुधा ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. इथे एक इशारा. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही ठिकाणी याच नावाचे औषध चोरून वापरले जाते. ते जनावराला देणेही गैर आहे. बाईला तर ते कधीही टोचू नये. तसेच कळा वाढाव्यात म्हणून कोणा अर्धवट वैद्याकडून बाळ जन्मण्यापूर्वी घरी इंजेक्शन घेऊ नये. त्याने गर्भाशय फाटू शकते. मिसोप्रोस्टॉलही बाळ पूर्ण बाहेर आल्यावर आणि पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री झाल्यावरच देतात.

४. पुन्हा तसेच होईल का?

हाच खरा प्रश्न. त्याचे उत्तर असे : धोका वाढतो, पण बहुतेकींना पुन्हा होत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या पाहणीत, पहिल्या खेपेस अतिरक्तस्राव झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे पंधरा जणींना पुढच्या खेपेस तो पुन्हा झाला. म्हणजे पंच्याऐंशी जणींना झाला नाही. ज्यांना आधी कधीच झाला नव्हता त्यांच्या मानाने हे प्रमाण जास्त आहे, म्हणून सावधगिरी हवी. पण "आता मूल म्हणजे मरण" असे मानण्याचे कारण नाही.

प्रत्येकीचा धोका मात्र सारखा नसतो. तो मागच्या कारणावर अवलंबून असतो. जखम झाली होती की गर्भाशय ढिले होते? वार हाताने काढावी लागली का? पोट फाडून बाळंतपण झाले का? मागे सिझेरियन झाले असेल तर पुढच्या खेपेस वार त्या व्रणावर घट्ट रुजण्याची शक्यता असते, म्हणून सोनोग्राफीत वारेची जागा मुद्दाम पाहून घ्यावी लागते. यासाठी इस्पितळातून घरी जाताना मिळालेला कागद जपून ठेवावा. जमिनीचा उतारा जसा ट्रंकेत ठेवतो तसा तो ठेवावा. कागद नसेल तर त्या इस्पितळात जाऊन विचारावे : रक्त का गेले, किती गेले, किती बाटल्या दिल्या, कोणती शस्त्रक्रिया केली.

आणखी एक गोष्ट. फार रक्त गेल्यावर क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहान ग्रंथीला इजा होते. त्यामुळे बाळाला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, अंगात सतत थकवा राहतो. अशा बाईला आळशी म्हणू नये. तिला डॉक्टरांकडे न्यावे. रक्ताच्या तपासणीने रोग कळतो आणि गोळ्यांनी आराम पडतो.

५. पुढचे मूल हवे असल्यास

पहिले काम : अंतर. एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत आणि मगच पुढचा गर्भ राहावा. अंगातले रक्त भरून यायला वेळ लागतो. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी आपल्या परिपत्रकात जबाबदार पालकत्व शिकवले. गंभीर कारण असता नैसर्गिक मार्गाने अंतर ठेवण्यास ख्रिस्तसभा मान्यता देते. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे, त्याला केवळ अंगावरचेच दूध रात्रंदिवस दिले जाते आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही अटी पाळल्या जातात तोवर गर्भ राहण्याची शक्यता फार थोडी असते. यांतली एक जरी अट सुटली तरी भरवसा धरू नये. पुढे नैसर्गिक पद्धती नीट शिकून घेण्यासाठी पतिपत्नींनी दोघांनी मिळून सिस्टरांना किंवा डॉक्टरांना भेटावे. संयमाचा भार एकट्या बायकोवर टाकू नये.

दुसरे काम : रक्त तपासणे. गर्भ राहण्यापूर्वीच हिमोग्लोबिन पाहावे. गरोदरपणी ते अकरा ग्रॅमच्या खाली असले तर रक्तक्षय, सातच्या खाली असले तर ताबडतोब इस्पितळ. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. रक्तक्षय असेल तर डॉक्टर दोन देतात. गोळीने शौचाला काळे होते, त्याची भीती नको. महिन्याभरात एक ग्रॅमही वाढले नाही तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना पूर्वी रक्त चढवले आहे त्यांनी तसे आवर्जून सांगावे, म्हणजे पुढे रक्त जुळवताना अडचण येत नाही.

तिसरे काम : बाळंतपणाची जागा ठरवणे. जिथे रक्ताची सोय आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत तेच इस्पितळ निवडावे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात नाले भरतात, गाडी येत नाही. अशा गावच्या बाईने तारखेच्या आठ-दहा दिवस आधी शहराजवळच्या नातलगांकडे जाऊन राहावे. भाताच्या रोपलावणीपेक्षा हे काम मोठे आहे. सरकारी इस्पितळात २०११ पासून बाळंतपण, औषधे, लागणारे रक्त आणि ने-आण मोफत देण्याची योजना आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी होते. तिथे मागची हकिगत पहिल्याच भेटीत सांगावी.

चौथे काम : रक्तदाते. निदान तीन-चार पुरुष तयार ठेवावेत. दात्याचे वय अठराच्या वर, वजन ४५ किलोहून अधिक आणि हिमोग्लोबिन साडेबारा असावे. पुरुष तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देऊ शकतो. दिलेले रक्त पेढीत जमा होते आणि आईला जुळणारी, तपासलेली पिशवी मिळते. धर्मग्रामातील तरुणांनी अशी यादी फादरांच्या कचेरीत लावून ठेवली तर कितीतरी घरांची रात्रीची वणवण वाचेल.

६. परसबाग आणि ताट

जूनच्या पहिल्या पावसात शेवग्याची हातभर जाड फांदी बांधावर, पाणी न साचणाऱ्या जागी लावावी. लाल माठ आणि राजगिऱ्याचे दोन वाफे पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावेत. महिन्याभरात भाजी खुडायला येते आणि पुढे खंड पडत नाही. एक लिंबाचे झाड हवेच. हुलगे, मटकी, चवळी मोड आणून खावीत, वर लिंबू पिळावे. आंबटाने लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह वाया जाते. मटण, मासे परवडतील तेव्हा आधी तिच्या ताटात वाढावेत. सर्वांचे झाल्यावर उरलेले तिने खायचे, ही रीत मोडावी. लोहाच्या आणि चुन्याच्या गोळीत दोन तासांचे अंतर ठेवावे.

चिखलात अनवाणी राबणाऱ्यांच्या पायांतून आकडी जंत शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात. म्हणून पायांत चपला, घरी शौचकूप, आणि तिसरा महिना उलटल्यावर नर्सबाई देतील ती जंताची गोळी, ही तिन्ही आवश्यक आहेत.

७. रक्त सुरू झालेच तर

अर्ध्या तासात दोन-तीन घड्या चिंब भिजणे, लिंबाएवढ्या गाठी पडणे, चक्कर, थंड घाम, जलद नाडी ही धोक्याची चिन्हे. असे दिसताच :

• १०८ ला फोन करावा. सुईणीच्या उपायांत वेळ घालवू नये.
• बेंबीखाली गर्भाशय हाताला कठीण लागेपर्यंत चोळावे.
• बाळाला अंगावर पाजावे. त्याने गर्भाशय आवळते. लघवी करून घ्यावी.
• बाईला सपाट निजवून पाय उंच ठेवावेत, पांघरूण घालावे.
• नाळ ओढू नये, आत कापडाचे बोळे भरू नयेत.
• पडलेली वार स्वच्छ पिशवीत घालून बरोबर न्यावी. तुकडा राहिला का ते डॉक्टर पाहतात.

पहिला दिवस सरला म्हणजे धोका सरला असे नाही. त्यानंतरच्या आठवड्यांतही रक्त एकाएकी वाढले, ताप आला किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी इस्पितळात जावे.

८. मनाची भीती

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली स्त्री आहे. ती गर्दीत भीतभीत पुढे आली. प्रभूने तिला दटावले नाही. थांबून तिची सारी हकिगत ऐकून घेतली. आपणही आपल्या घरच्या बाईचे ऐकून घ्यावे. तिला रात्री ते दृश्य दिसत असेल, नवऱ्याच्या जवळिकीचीही भीती वाटत असेल, तर तो दुबळेपणा नव्हे. डॉक्टरांना तेही सांगावे. देवावरचा भरवसा आणि डॉक्टरांचा सल्ला यांत भांडण नाही. सिराखच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखण्याची शिकवण आहे, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे.

काही भगिनींचा जीव वाचवण्यासाठी गर्भाशय काढावे लागले असेल. त्यांना पुन्हा मूल होणार नाही, पण त्यांचे आईपण वा पत्नीपण तिळभरही उणे झालेले नाही. आणि डॉक्टरांचे ऐकून, प्रार्थना करून, एका मुलावर थांबण्याचा निर्णय पतिपत्नींनी घेतला तर त्यांना कोणी टोमणे मारू नयेत. पुढे जायचे की थांबायचे, हे त्या दोघांनी मिळून, पुरती माहिती घेऊन ठरवावे.

महिला मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या वाडीतून जवळची रक्तपेढी किती लांब आहे? रात्री तिथे कसे पोहोचाल?
२. आपल्या धर्मग्रामात सध्या गरोदर असलेल्या भगिनींपैकी कोणाला मागे जास्त रक्त गेले होते? त्यांच्या घरी कोण जाईल?
३. रक्तदात्यांची यादी करण्याचे काम कोण घेईल, आणि ते कोणत्या रविवारपर्यंत पुरे होईल?