गाळ साचतो, व्याज चढतं, गर्दी जमते

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी निबंधात साठणं, जमणं, वाढणं या सगळ्यांसाठी सरसकट ‘अक्युम्युलेट’ लिहिते. दुसरे शब्द कधी वापरावेत?
– एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : उदाहरणं तुमच्याच गावातली घेऊ. हुसेनसागरच्या तळाशी गाळ थरावर थर बसत जातो, तिथे ‘अक्युम्युलेट’ चपखल. ठेवीवरचं व्याज मात्र ‘अक्रू’ होतं. हक्कानं, ठरल्या हिशेबानं पदरात पडणाऱ्या गोष्टींसाठी तो शब्द. शिल्लक रजेलाही तोच चालतो, गाळाला नाही.

‘अमॅस’ला करणारा माणूस लागतो, आणि ढीगही मोठा लागतो. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी हस्तिदंती वस्तू, घड्याळं, हस्तलिखितं असं काय काय जमवलं. त्यांच्या पश्चात १९५१ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. त्या संग्रहासाठी ‘अमॅस’ शोभतो. शाळेच्या दप्तरातल्या खोडरबरांसाठी वापरला तर हसू येईल.

त्याच संग्रहालयात दर तासाला घड्याळातला चिमुकला माणूस बाहेर येऊन टोले देतो. ते बघायला आधीपासून लोक जमतात, ते ‘गॅदर’. माणसं ‘अक्युम्युलेट’ होत नाहीत! संध्याकाळी पंजागुट्ट्याला वाहतूक तुंबत जाते तिला ‘बिल्ड अप’ म्हणा. ताण, दाब यांनाही तेच लागू.

धुळीचं म्हणाल तर ‘गॅदर’ आणि ‘अक्युम्युलेट’ दोन्ही बरोबर. तिथे बाईंनी गुण कापले असतील तर खुशाल मागून घ्या.