काच बदलू नका, सोन्याला हात लावू नका

जुना आरसा दुकानात दुरुस्तीला देणार असाल, तर आधी कागदावर लिहून द्या : काच बदलायची नाही, सोन्याला हात लावायचा नाही. तोंडी सांगणे पुरत नाही, हे मला फार महागात कळले.

फ्लॉरेन्सला राहत असताना आम्ही सतराव्या शतकातला, बरोक घडणीचा एक आरसा घेतला होता. चौकटीभर वळलेली पाने आणि कोपऱ्यात फळांचे घोस. मुंबईत आल्यावर तो फक्त मागची कडी बदलायला एका फ्रेमवाल्याकडे दिला. परत आला तो पितळेच्या भांड्यासारखा लखलखीत होऊन. चौकटीला सोनेरी रंग फासलेला, आत कोरी करकरीत काच. जुनी काच भंगारात गेली होती.

अशा चौकटीत लाकडावर आधी खडू आणि सरसाचे अनेक थर देतात, घासून गुळगुळीत करतात, वर तांबडी चिकणमाती, मग सोन्याचा वर्ख आणि शेवटी अकीक दगडाने घोटून झळाळी. उंचवट्यांवर वर्ख झिजून खालची तांबडी माती डोकावते. आमच्या आरशातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच होती. फ्रेमवाल्याला तो मळ वाटला. बाजारातल्या सोनेरी रंगात सोने नसते, पितळेची किंवा ब्राँझची पूड असते आणि ती काही वर्षांत हिरवट-तपकिरी पडते. हा रंग जाणकार संवर्धक हळूहळू काढू शकतो. पण काम अतिशय वेळखाऊ असते आणि खालचा सगळा वर्ख शाबूत मिळेल याची खात्री नसते.

काच मात्र कायमची गेली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने 1835 साली काचेवर चांदी चढवण्याची रीत शोधली. त्याआधीच्या आरशांमागे कथील आणि पाऱ्याचा थर असे. त्यातले प्रतिबिंब किंचित करडे आणि शांत दिसते, कडेला ठिपके येतात. ते ठिपके म्हणजे आरशाचे वय. असा आरसा नेताना उभाच ठेवा, उलटा करू नका, कारण कधी कधी खालच्या कडेला पारा पाझरतो. थेंब दिसले तर हात लावू नका, झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, मुलांना दूर ठेवून जाणकाराला बोलवा.

ओले फडके तर चौकटीला कधीच लावू नका. सरस पाण्यात विरघळतो आणि वर्ख फडक्याला येतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस. काचेवर फवारा मारू नका, तो ओघळून चौकटीत उतरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा एसीच्या झोतासमोर टांगू नका. लाकूड फुगते-आकसते आणि वरचा लेप सुटतो.

दुरुस्तीला देण्याआधी पुढून-मागून फोटो काढा आणि लिहून दिलेल्या कागदाची प्रत दुकानदाराच्या सहीनिशी स्वतःकडे ठेवा. आणि कुणी ‘नव्यासारखा करून देतो’ म्हणाला, तर आरसा उचलून घरी आणा.