घरच्या मायनिंग यंत्राचे ओव्हरक्लॉकिंग : वेग, उष्णता आणि वीजबिलाचे गणित



उन्हाळी सुट्टीत ताईकडे गेलो होतो. बारावी झालेल्या भाच्याने जुनी सहा ग्राफिक्स कार्डं जोडून क्रिप्टोकरन्सी मायनिंगचं यंत्र उभं केलं होतं. "मामा, ओव्हरक्लॉक केलंय, दहा टक्के स्पीड वाढला!" तो खुशीत सांगत होता. मी पलंगामागच्या एक्स्टेंशन बोर्डाला हात लावला. बोर्ड चांगलाच तापला होता, प्लगची एक बाजू पिवळी पडली होती. आधी यंत्र बंद केलं, मग आम्ही दोघे वही घेऊन बसलो. त्या वहीतलाच हा पाठ.

मायनिंग म्हणजे काय?

नेटवर्कने घातलेल्या अटीत बसणारं उत्तर सापडेपर्यंत यंत्र एकामागून एक संख्या लावून बघतं. उत्तर सापडलं की बक्षीस म्हणून नाणी मिळतात. बिटकॉइन २००९ पासून असंच चालतं, पण त्यासाठी आता खास यंत्रं लागतात. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं. त्यानंतर जुनी ग्राफिक्स कार्डं स्वस्तात मिळू लागली आणि हौशी मुलं त्यांवर छोटी नाणी काढू लागली.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

कवायतीचा ताल आठवा. ढोल जलद वाजवला की मुलं जलद पावलं टाकतात, पण दमतातही लवकर. चिपचंही तसंच. तिचा ताल कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ताल फार वाढला की चिप चुका करते, म्हणून व्होल्टेजही वाढवावं लागतं. खरी मेख इथेच आहे. चिपला लागणारी वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते.

वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर :
१.१ × १.१ × १.१ = १.३३
म्हणजे काम १० टक्के जास्त, वीज ३३ टक्के जास्त!

आता उलट करू. वेग ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के कमी केलं तर :
०.९५ × ०.९ × ०.९ = ०.७७
काम फक्त ५ टक्के कमी, वीज मात्र २३ टक्के कमी. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात.

आता घरातलं गणित

सहा कार्डं प्रत्येकी २०० वॅट, बाकीचे भाग १५० वॅट, एकूण १३५० वॅट. यंत्र २४ तास, महिन्याचे ३० दिवस चालू. वॅटला २३० व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात.

• मूळ सेटिंग : १३५० वॅट, ५.९ अँपिअर, ९७२ युनिट
• ओव्हरक्लॉक : १७५० वॅट, ७.६ अँपिअर, १२६० युनिट
• अंडरव्होल्ट : १०७५ वॅट, ४.७ अँपिअर, ७७४ युनिट

घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. सतत चालणाऱ्या यंत्राने त्याच्या ८० टक्के, म्हणजे ४.८ अँपिअरच्या पुढे जाऊ नये. भाच्याचा बोर्ड का तापला, ते वहीत लख्ख दिसलं.

तरीही करायचंच असेल तर

१. यंत्राला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर प्लग घ्या. वायरची जाडी आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड नकोच.
२. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवू नका. तो वायर वाचवण्यासाठीच पडतो.
३. पॉवर सप्लायवरही ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार नको.
४. कार्ड ज्या रायझरवर बसतं, तो ७५ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. सॅटा कनेक्टरची क्षमता मात्र ५४ वॅटच. त्यामुळे रायझरला सॅटाची वायर जोडू नका, ती वितळते.
५. आधी व्होल्टेज कमी करा, मगच वेगाला हात लावा. एका वेळी एकच बदल, तोही छोटा. काही तास चालवून बघा. यंत्र अडखळलं तर मागच्या सेटिंगवर या.
६. चिपचं तापमान ७० अंशांच्या आसपास ठेवा. मेमरीचं तापमान वेगळं बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते, तेव्हा वेग कमीच ठेवा.
७. झोपायच्या खोलीत, गादी-पडद्यांजवळ यंत्र नको. घरी कोणी नसताना बंद ठेवा. पेटलंच तर आधी मेन स्विच बंद करा. पाणी टाकू नका.

शेवटी भाच्याने स्वतःच हिशोब मांडला. युनिटला १० रुपये धरले तरी ओव्हरक्लॉकवर महिन्याला १२,६०० रुपये बिल, आणि कमाई त्याच्या निम्मीही नाही. वर, नाणी विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर, त्यात वीजबिल वजा मिळत नाही. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, एकच कार्ड ठेवतो, शिकायला." ताईने त्याच दिवशी वायरमनला फोन केला.

पालकहो, मुलाला नुसतं "बंद कर ते" म्हणू नका. त्याच्या शेजारी बसून बिल आणि वही उघडा. शिक्षक मित्रांनो, सातवी-आठवीला घातांक आणि शेकडेवारी शिकवताना हेच उदाहरण घेऊन बघा. घरचं वीजबिल आणायला सांगा, मुलं आवडीने आकडेमोड करतात.