दरवर्षी उजळणारा नवतारा

नवतारा म्हणजे नवीन जन्मलेला तारा नव्हे. तो म्हाताराच असतो. पण एकदम उजळतो, म्हणून पूर्वीच्या लोकांना तो नवा वाटला.

देवयानी नावाचे तारकाविश्व आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तिथला उजेड इथे पोचायला २५ लाख वर्षे लागतात! कार्तिक-मार्गशीर्षात अंधाऱ्या रात्री ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. आधी भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून आणखी ईशान्येला, हात लांब करून धरलेल्या वितीच्या आतच, कापसासारखा पुसट ठिपका आहे. मी बघितला. आजी म्हणाली, ढग असंल.

या देवयानीत डिसेंबर २००८ मध्ये जपानच्या निशियामा व काबाशिमा यांना एक नवतारा सापडला. त्याच्या नावात साल व महिना आहे : २००८-१२ए. अगदी हजेरीच्या नंबरासारखे! पुढे कळले की तो दरवर्षीच उजळतो.

तिथे जोडीने दोन तारे आहेत. एक श्वेत बटू. तो पृथ्वीपेक्षा मोठा नाही, पण वजनाने सूर्याहून जड. तो शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. वायूचा थर साचतो, दाबाने तापतो आणि एकदम भडका उडतो. दूध तापताना आधी काही दिसत नाही, मग भसकन उतू जाते, तसेच. पातेले मात्र फुटत नाही. पुन्हा थर साचायला लागतो. बहुतेक नवताऱ्यांना त्याला हजारो वर्षे लागतात. हा फार जड आहे, म्हणून थोड्याच वायूने भडकतो.

त्याला पकडणे अवघड. २०१५ साली तो ऑगस्टअखेर उजळला, २०१६ साली पार डिसेंबरात. दोनच दिवसांत त्याचा उजेड सहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे दोन रात्री ढग आले की गेलाच! म्हणून रोज बघावे लागते. लडाखात हानले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर आपल्या देशाची दुर्बीण आहे. तिचा आरसा ७० सेंटिमीटरचा, मोठ्या परातीएवढा. ती आपोआप फिरून फोटो काढते. तिनेही हा तारा टिपला आहे.

दर भडक्यानंतर थोडा वायू बटूवर उरतो आणि त्याचे वजन वाढते. सूर्याच्या १.४ पट झाले की बटू टिकत नाही. ही मर्यादा आपल्या चंद्रशेखरांनी काढली. शास्त्रज्ञ म्हणतात, याला २० हजार वर्षांहून कमी काळ उरला आहे. पण आपण बघतो तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वीचा. मी पाटीवर वजाबाकी केली.

२५,००,००० − २०,००० = २४,८०,०००

म्हणजे तो तारा कधीच संपला असणार! तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा उजळलेला दिसेल, कारण तो उजेड अजून वाटेत आहे.