पुसले गेले म्हणजे नष्ट झाले असे नव्हे

या स्मरणिकेसाठी आम्ही वसतिगृहाच्या पहिल्या पिढीतील पालकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांत एका वयोवृद्ध आजींचीही मुलाखत होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर आईच्या कडेवरून गेल्या होत्या आणि पुढील आयुष्य त्यांनी नवी मुंबईच्या वसाहतीत कष्ट करून काढले. मुलाखतीनंतर तीन महिन्यांनी आजींचे निधन झाले. त्याच सुमारास मेमरी कार्ड संगणकाला जोडले असता पडद्यावर सूचना आली, 'हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे.' कोणीतरी घाईत ते चालू संगणकातून तसेच ओढून काढले होते. अकरा मुलाखती त्यावर होत्या आणि दुसरी प्रत कोठेही नव्हती.

त्या प्रसंगातून आम्ही जे शिकलो, ते माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे पाठाच्या रूपाने ठेवीत आहोत.

प्रथम कार्डाची रचना समजून घेऊ. कार्डावर दोन गोष्टी असतात. एक प्रत्यक्ष मजकूर आणि दुसरी त्याची अनुक्रमणिका, म्हणजे कोणती फाईल कोठून सुरू होते व तिचे तुकडे कोठे आहेत याची नोंद. फाईल पुसली की सामान्यतः अनुक्रमणिकेतील नोंदीवर 'पुसलेली' अशी खूण होते आणि ती जागा मोकळी समजली जाते. मजकूर मात्र नवे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत तेथेच राहतो. आमच्या कार्डाची तर केवळ अनुक्रमणिका बिघडली होती. ग्रंथालयाची सूची फाटली म्हणून कपाटातील ग्रंथ जळत नाहीत.

यावरून पहिला नियम निघतो. कार्ड तत्काळ बाजूला ठेवावे. त्यावर एकही नवे छायाचित्र घेऊ नये, फॉरमॅटच्या सूचनेस होकार देऊ नये. मोठ्या कार्डाच्या किंवा अडॅप्टरच्या कडेला छोटी सरकती कळ असते. ती 'लॉक'कडे सरकवावी, म्हणजे लेखनास अटकाव होतो. विंडोजमधील 'चेकडिस्क' ही दुरुस्तीची आज्ञाही आधी देऊ नये, कारण ती मूळ कार्डावरच फेरफार करते.

दुसरा नियम असा की, मूळ वस्तूवर काम न करता तिच्या प्रतीवर करावे. इतिहासाचा अभ्यासक जीर्ण दस्तऐवज वारंवार हाताळत नाही, तसेच हे आहे. 'टेस्टडिस्क' या विनामूल्य प्रणालीने संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा संगणकावर घेता येते. तिच्याच सोबत मिळणारी 'फोटोरेक' ही प्रणाली अनुक्रमणिकेकडे न पाहता मजकुरातच फाईलींच्या खुणा शोधते. प्रत्येक प्रकारच्या फाईलीचा आरंभ ठरावीक असतो, त्यावरून ती ओळखली जाते. सापडलेल्या फाईली नेहमी दुसऱ्याच डिस्कवर साठवाव्यात. मूळ नावे बहुधा मिळत नाहीत, म्हणून प्रत्येक फाईल ऐकून किंवा पाहून पुन्हा नाव द्यावे लागते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एखाद्या मोठ्या फाईलीचे तुकडे कार्डावर विखुरलेले असले, तर ती अर्धवट हाती येते. भ्रमणध्वनीने सांकेतिक रूपात बांधलेले कार्ड दुसऱ्या यंत्रात वाचता येत नाही. कार्ड संगणकाला दिसतच नसेल, तर आधी दुसरा कार्ड रीडर वापरून पाहावा. तरीही दिसले नाही तर घरचे प्रयोग थांबवून तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे जावे.

आम्हांस नऊ मुलाखती संपूर्ण मिळाल्या, एक अर्धी मिळाली, एक मिळालीच नाही. अर्धी मिळाली ती आजींचीच. नागपूरचा प्रवास, गर्दी, आईच्या पांढऱ्या लुगड्याचा पदर इथपर्यंत आवाज येतो आणि मध्येच थांबतो.

येथे आम्हांस एक जुना प्रसंग आठवला. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते पुढे अनेक वर्षे न्यायालयीन ताब्यात पेट्यांमध्ये बंद होती. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि संपादक वसंत मून यांनी ती पाने जुळवून वाचकांपुढे आणली. काही प्रकरणे अपूर्ण होती, काही पाने गहाळ होती. जेथे मजकूर नव्हता तेथे तो नसल्याची नोंद करण्यात आली. संपादकाने स्वतःच्या कल्पनेने पाने भरली असती, तर ते बाबासाहेबांचे लेखन राहिले नसते.

आम्हीही तेच केले. आजींचे शब्द जसेच्या तसे उतरवले, जेथे ध्वनिमुद्रण तुटते तेथे तसे लिहिले आणि पुढील हकिकत त्यांच्या कन्येकडून ऐकून तिच्याच नावे वेगळी छापली.

आता प्रतिबंधाविषयी. महत्त्वाच्या सामग्रीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. पेन ड्राइव्ह व कार्ड ही ने-आण करण्याची साधने आहेत, ती कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्याची तिजोरी नव्हेत. यंत्रातून काढताना 'इजेक्ट'ची आज्ञा देण्यास विसरू नये.

आपल्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी फारसा लिहून ठेवला नाही. तो आज आपल्याच घरांतील जुन्या कार्डांत, बंद पडलेल्या फोनांत आणि आजी-आजोबांच्या बोलण्यात आहे. कोणाच्या घरी असे बिघडलेले कार्ड असेल, तर ते फेकू नये, फॉरमॅट करू नये. शाळेत आणून द्यावे. आमचे नववीचे विद्यार्थी आता हे काम शिकले आहेत. आणि ज्यांचे आई-वडील अद्याप बोलू शकतात, त्यांनी येत्या रविवारीच त्यांच्याजवळ बसावे. न झालेले ध्वनिमुद्रण मात्र कोणतीही प्रणाली परत आणू शकत नाही.