आडवी पडलेली विहीर

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. समजा, साताऱ्याच्या एका मुलाने तिची त्रिमितीय प्रतिकृती ‘ब्लेंडर’मध्ये तयार केली आणि सांगलीच्या त्याच्या मैत्रिणीने ती ‘माया’त उघडली. अक्ष बदलण्याची सोय दोघांनीही वापरली नाही. काय दिसेल? विहीर आडवी, आणि तीही बादलीएवढी!

असे का व्हावे? ‘ओबीजे’ फाइलमध्ये बिंदूंचे नुसते आकडे असतात, एकक नसते. विहीर सुमारे 110 फूट, म्हणजे 33.5 मीटर खोल. ब्लेंडर 33.5 म्हणजे मीटर धरतो, माया सेंटीमीटर. (एकक न लिहिल्याबद्दल गुण कापले की माझे विद्यार्थी रुसतात!) लांबी 100 पट घटली, तर घनफळ 10 लाख पट घटते. म्हणून प्रतिकृती 100 पट मोठी करावी.

ब्लेंडरमध्ये ‘झेड’ अक्ष उभा, मायात ‘वाय’. मग वाय आणि झेडचे आकडे नुसते अदलाबदल केले तर? विहीर उभी राहील, पण आरशातल्यासारखी. तिच्यावरचा शिलालेख उलटा उमटेल! त्याऐवजी ‘एक्स’ अक्षाभोवती उणे 90 अंश फिरवा: (x, y, z) चे (x, z, −y) होते. त्या उणे चिन्हामुळेच अक्षरे सुलटी राहतात. आलेखाच्या कागदावर ‘फ’ काढून पडताळून पाहा.